सोल्डर केलेला वायरचा जोड पुन्हा पुन्हा का तुटतो?

वाचायच्या टेबलावर माझा एक १२ व्होल्टचा एलईडी दिवा आहे. त्याची वायर मी एकाच जागी चार वेळा सोल्डर केली, म्हणजे कथलाचा मिश्रधातू वितळवून जोडली. दर वेळी महिना-दीड महिना दिवा नीट चालायचा, मग एके दिवशी लुकलुकायला लागायचा आणि वायर हातात यायची. दर वेळी मला वाटायचं की सोल्डर कमी पडलं, म्हणून पुढच्या वेळी आणखी जास्त घालायचो. चौथ्या वेळी तुटलेला तुकडा कापून भिंगाखाली धरला तेव्हा उलगडा झाला. सोल्डरचा गोळा जसाच्या तसा होता, त्याला साधा तडाही नव्हता. गोळा जिथे संपतो तिथून दोन मिलिमीटरवर तांब्याच्या सगळ्या बारीक तारा एका ओळीत तुटल्या होत्या, पात्याने कापल्यासारख्या. म्हणजे सोल्डर कधी सुटलंच नव्हतं. चारही वेळा मी भलत्याच दुखण्यावर औषध देत होतो.

तेव्हापासून जोड तुटला की आयर्न, म्हणजे सोल्डर वितळवायचं साधन, तापवायच्या आधी मी तुटलेली जागा पाहतो. तुमचाही जोड पुन्हा पुन्हा सुटत असेल तर तो तुकडा फेकू नका. भिंग नसेल तर मोबाइलच्या कॅमेऱ्यात मोठं करून पाहा. तुटण्याच्या जागेवरून कारण जवळजवळ नेहमीच कळतं, आणि प्रत्येक कारणाचा इलाज निराळा असतो.

काम सुरू करण्याआधी वस्तूचा प्लग काढा, बॅटरी असेल तर ती सोडवा. मोठे कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे भाग, असलेल्या उपकरणात प्लग काढल्यावरही बराच वेळ चार्ज राहतो, तेव्हा ते डिस्चार्ज झाल्याची मीटरने खात्री झाल्याशिवाय आत हात घालू नका.

वायर सोल्डरमधून सुळकन निघून आली

गोळ्यात वायरच्या आकाराचं स्वच्छ भोक राहिलंय आणि वायर तांबूस किंवा काळपट, पण सोल्डरशिवाय कोरडी आहे, असं दिसलं तर हे ड्राय सोल्डर. हाच प्रकार सर्वांत जास्त दिसतो. यात सोल्डर तांब्याला चिकटलेलंच नसतं, वायरभोवती नुसतं थिजून बसलेलं असतं. अळवाच्या पानावर पाण्याचा थेंब गोळा होऊन बसतो तसं. चांगल्या जोडात याच्या उलट दिसतं. सोल्डर तारांवर पसरतं, कडेला पातळ होत जातं आणि वरून तारांचे उंचवटे ओळखू येतात. तारा अजिबात दिसत नसतील, नुसता फुगीर मणी दिसत असेल, तर तो जोड वरून कितीही भक्कम वाटला तरी संशयास्पद आहे.

सोल्डर तांब्याला धरतं म्हणजे काय होतं हे समजून घेणं फायद्याचं आहे. वितळलेल्या सोल्डरमधलं कथील तांब्याशी संयोग पावतं आणि दोघांच्या मध्ये एक अतिशय पातळ नवा थर तयार होतो. खरी पकड त्या थराची. तो तयार व्हायला दोन गोष्टी लागतात: तांबं स्वतः पुरेसं तापलेलं हवं आणि त्यावर ऑक्साइड, म्हणजे हवेमुळे चढलेला गंजाचा थर, नको. ड्राय सोल्डरची बहुतेक कारणं या दोहोंपैकी एकात सापडतात.

आधी उष्णतेचं पाहू. नवशिक्यांची नेहमीची पद्धत अशी: सोल्डर बिटवर, म्हणजे आयर्नच्या तापणाऱ्या टोकावर, वितळवायचं, थेंब घेऊन यायचा आणि वायरवर पुसायचा. यात वायर तापत नाही. शिवाय सोल्डरच्या तारेत मध्यभागी जो फ्लक्स, म्हणजे तांब्यावरचं ऑक्साइड काढणारा राळेचा पदार्थ, भरलेला असतो, तो बिटवरच धूर होऊन जातो. वायरपर्यंत पोचतं ते फ्लक्स संपलेलं सोल्डर. योग्य क्रम उलटा आहे. बिट पुसून स्वच्छ करा आणि त्याच्या टोकाला अगदी किंचित सोल्डर लावा. हे जोडासाठी नाही. कोरड्या बिटचा वायरला एका बिंदूतच स्पर्श होतो, तो ओला असला की उष्णता झटकन पलीकडे जाते. आता बिटची चपटी बाजू वायरच्या खालून टेकवा, एक-दोन सेकंद थांबा, आणि सोल्डरची तार वरून, म्हणजे बिटच्या विरुद्ध बाजूने, थेट तांब्याला लावा. तांब्याने ती वितळवली पाहिजे. वितळली की ती क्षणात आत शोषली जाताना दिसते, तारांमधल्या फटी भरत खालपर्यंत जाते. तेवढं दिसलं की आधी सोल्डर काढा, मग बिट. सगळा खेळ तीन-चार सेकंदांचा. दहा सेकंद धरूनही सोल्डर वितळत नसेल तर आणखी दाबून उपयोग नाही. आयर्न लहान आहे किंवा बिट काळा पडलाय.

आयर्न लहान असणं हे जाड वायरच्या बाबतीत फार होतं. २५ वॅटचा आयर्न आणि सुईसारखा बिट घेऊन २.५ चौरस मिलिमीटरची वायर जोडायला बसलात तर तांबं उष्णता दोन्ही बाजूंना ओढून नेतं आणि जोडाची जागा तापतच नाही. मग माणूस मिनिटभर धरून बसतो, आवरण वितळतं, आणि जोड तरीही कच्चा राहतो. अशा वायरला ६० वॅटच्या आसपासचा आयर्न आणि रुंद, पटाशीच्या आकाराचा बिट लागतो. जास्त वॅटचा आयर्न वायर जाळेल ही भीती चुकीची आहे. वायरला इजा होते ती वेळेमुळे. दमदार आयर्नने तीन सेकंदांत काम संपतं, त्यामुळे आवरण वाचतं.

तापमान बदलता येत असेल तर शिसं असलेल्या सोल्डरसाठी वायरच्या कामाला साधारण ३२० ते ३५०, आणि शिसंविरहित सोल्डरसाठी ३५० ते ३८० अंश सेल्सिअस ठेवा. ६३ टक्के कथील आणि ३७ टक्के शिसं असलेलं सोल्डर १८३ अंशाला वितळतं, तेही एकदम, मधल्या लिबलिबीत अवस्थेशिवाय. शिसंविरहित प्रकारांत कथील-चांदी-तांबं यांचं मिश्रण २१७ ते २२० अंशांना, आणि कथील-तांब्याचं २२७ अंशाला. जुन्या सवयीच्या सेटिंगवर नवं शिसंविरहित सोल्डर वापरलं तर हा चाळीसेक अंशांचा फरक जोड कच्चा ठेवायला पुरेसा आहे. रिळावर काय लिहिलंय ते वाचा.

बिटबद्दल एक गोष्ट कळकळीने सांगतो. बिट काळा पडला म्हणून कानशीने किंवा पॉलिश पेपरने घासू नका. हल्लीच्या बिटमध्ये आत तांबं आणि वर लोखंडाचा पातळ मुलामा असतो. तो घासून गेला की सोल्डर आतलं तांबं खात सुटतं आणि थोड्याच दिवसांत बिटला खड्डा पडतो. पितळेच्या तारेच्या घासणीत किंवा ओलसर स्पंजवर पुसा, लगेच सोल्डर लावा, आणि आयर्न बंद करतानाही बिटवर सोल्डरचा थर राहू द्या. पुढच्या वेळी तो थर पुसला की खाली चकचकीत बिट मिळतो.

आता ऑक्साइड. नव्या वायरला सोल्डरमधला फ्लक्स पुरतो. जुनी, दमट जागी राहिलेली वायर सोलली की आत तांबं काळं किंवा हिरवट निघतं. अशा तांब्यावर कितीही सोल्डर ओता, धरत नाही. आधी वायर आणखी मागे कापून पाहा, पुष्कळदा चार-पाच सेंटिमीटर मागे स्वच्छ तांबं मिळतं. तेवढी लांबी नसेल तर तारा पसरून बारीक पॉलिश पेपरमधून हळूच ओढा आणि राळेचा वेगळा फ्लक्स लावा. नळकामासाठी मिळणारा आम्लाचा फ्लक्स वायरला कधीही लावू नका. त्याने सोल्डर सुंदर धरतं, पण उरलेलं आम्ल आवरणाच्या आत शिरून तांबं खात राहतं. काही महिन्यांनी हिरवी भुकटी झालेला जोड उघडलात तर कारण बहुधा हेच.

दोन वायरी अशा आहेत की त्यांच्यापुढे भलेभले हात टेकतात. एक हेडफोनची. त्यातल्या केसासारख्या लाल, हिरव्या, सोनेरी तारांवर रंगाचं म्हणजे इनॅमलचं आवरण असतं, आणि बळकटीसाठी मध्ये धागेही असतात. रंग दिसतो म्हणून तांबं उघडं आहे असा भास होतो. ते बहुतेक वेळा उष्णतेने जाणारं इनॅमल असतं. धागे कापून काढा, बिटवर सोल्डरचा चांगला टपोरा थेंब घ्या, तापमान ३८० ते ४०० पर्यंत न्या, फ्लक्स लावलेलं तारेचं टोक त्या थेंबात धरा आणि सावकाश मागेपुढे करा. थोडा धूर येतो, आणि मग एका क्षणी सोल्डर तारेवर चढताना दिसतं. चढलं नाही तर ते न जळणारं इनॅमल, पात्याने हळुवार खरवडावं लागेल. दुसरी वायर तांब्याचा मुलामा दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमची. स्वस्त स्पीकर वायर आणि केबल यांत ती सर्रास असते. पात्याने एक तार खरवडा. आत पांढरी निघाली तर तीच. तिच्यावरचा तांब्याचा थर फार वेळ तापवला तर सोल्डरमध्ये विरघळतो, आणि खालच्या अ‍ॅल्युमिनियमवर साधं सोल्डर धरत नाही. शिवाय वाकवली की लवकर तुटते. शक्य असेल तर ती वायर बदलाच. तिच्यावर घालवलेला वेळ भरून येत नाही.

सोल्डरच मधोमध तडकलं

गोळ्याला आडवी चीर गेलीय आणि दोन्ही तुकड्यांत वायर घट्ट आहे, असं असेल तर दोन शक्यता. पहिली, सोल्डर गोठताना वायर हलली. असं सोल्डर खरखरीत, दाणेदार दिसतं आणि ठिसूळ असतं. हातात धरलेली वायर कितीही स्थिर वाटली तरी हलते. दोन्ही वायरी क्लिपमध्ये धरा, किंवा टेबलाला चिकटपट्टीने पक्क्या करा, आणि बिट काढल्यावर चार-पाच सेकंद काहीही करू नका. फुंकरही नको. एकच सूचना: शिसंविरहित सोल्डर नीट जमलेलं असतानाही किंचित मंदच दिसतं, तेव्हा चमक नाही म्हणून चांगला जोड पुन्हा पुन्हा तापवत बसू नका. प्रत्येक वेळी तापवल्यावर तांबं आणि कथील यांच्यातला तो पातळ थर जाड होत जातो, आणि जाड झाला की तो ठिसूळ असतो.

दुसरी शक्यता म्हणजे जोडाचा सगळा भार सोल्डरवर टाकलेला असतो. दोन टोकं शेजारी ठेवली, वर थेंब सोडला, झालं. हे टिकत नाही, कारण सोल्डर हा भार पेलायचा धातू नाही. १८३ अंश सेल्सिअस म्हणजे ४५६ केल्विन, आणि खोलीतलं २५ अंश म्हणजे २९८ केल्विन. आपल्या दृष्टीने थंड पडलेलं सोल्डर आपल्या वितळणबिंदूच्या दोन-तृतीयांश अंतरावर उभं असतं. त्यामुळे सतत थोडा ताण असला तरी ते अगदी सावकाश सरकत राहतं आणि शेवटी तडकतं. विजेच्या बाबतीतही तेच: कथील-शिशाच्या सोल्डरपेक्षा तांबं सुमारे आठ-नऊपट चांगलं वाहक आहे. म्हणून ताण आणि करंट दोन्ही तांब्याने तांब्याला द्यायला हवेत, सोल्डरने फक्त ती पकड कायम करायची.

यासाठी तारायंत्राच्या काळापासून चालत आलेली गाठ अजूनही सर्वांत भरवशाची आहे. दोन्ही वायरी साधारण दोन-अडीच सेंटिमीटर सोला. सोलताना पातं तांब्यापर्यंत जाऊ देऊ नका, खरचटलेली तार तिथेच तुटते. बारीक तारांना हलका पीळ द्या. दोन्ही उघडी टोकं मध्यभागी एकमेकांवर गुणाकाराच्या चिन्हासारखी ठेवा. आता डावं टोक उजव्या वायरभोवती आणि उजवं टोक डाव्या वायरभोवती घट्ट गुंडाळा, प्रत्येकी चार-पाच वेढे, वेढे एकमेकांना चिकटून. टोकं बाहेर आलेली ठेवू नका, पक्कडीने दाबून बसवा. आता सोल्डर न करताच ओढून पाहा. इथेच सुटत असेल तर गाठ पुन्हा घाला. वायर बारीक असेल तर आणखी सोपं आहे: दोन्हींच्या तारा पंख्यासारख्या पसरवायच्या, समोरासमोर एकमेकींत घुसवायच्या आणि मग पीळ द्यायचा. असा जोड जवळजवळ वायरइतकाच बारीक राहतो.

सोल्डर किती? तारांमधल्या फटी भरतील एवढंच. वेढे मोजता आले पाहिजेत.

सोल्डर शाबूत, पण वायर काठावर तुटली

माझ्या दिव्याचं दुखणं हे होतं, आणि याबद्दल सर्वांत कमी बोललं जातं म्हणून इथे जरा थांबतो.

०.७५ चौरस मिलिमीटरच्या लवचीक वायरमध्ये ०.२ मिलिमीटर जाडीच्या साधारण २४ तारा असतात. वायर वाकते तेव्हा प्रत्येक तार स्वतंत्र वाकते, शेजारणीवरून थोडी सरकते, म्हणून ती हजारो वेळा वाकूनही तुटत नाही. सोल्डर तारांमध्ये भिनलं की या चोवीस तारांचा मिळून एक मिलिमीटरहून जाड, ताठ दांडा होतो. दांडा वाकत नाही. मग सगळं वाकणं त्याच्या टोकाला, जिथे सोल्डर संपून मोकळ्या तारा सुरू होतात त्या एका रेषेवर येतं. तिथे तारा एकामागून एक थकतात. पहिल्या दहा तुटल्या तरी दिवा लागतो, पण उरलेल्यांवर ताण वाढतो आणि शेवटच्या पटापट जातात. जास्त सोल्डर घातलं की ते आवरणाखाली आणखी आत शिरतं. तुटायची रेषा पुढे सरकते एवढंच, आणि आवरणाखाली असल्याने ती दिसतही नाही.

त्यामुळे पहिला इलाज म्हणजे सोल्डर आवरणापर्यंत पोचूच न देणं. आवरणाच्या काठाशी दोन-तीन मिलिमीटर तांबं कोरडं राहू द्या. त्यासाठी काठाला लागून उघड्या तारांवर धातूची मगरक्लिप लावा. ती उष्णता पिऊन घेते आणि सोल्डर तिच्याशी येऊन थांबतं. आवरणही वितळून मागे सरत नाही. त्याउपर हात चपळ हवा. बिट जितका वेळ टेकवाल तितकं सोल्डर आत चढत जाणार.

दुसरा इलाज आधाराचा. हीट श्रिंक स्लीव्ह, म्हणजे तापवली की आवळणारी नळी, फक्त उघडं तांबं झाकायला नसते, वाकण्याची जागा जोडापासून दूर न्यायला असते. म्हणून ती जोडाच्या दोन्ही बाजूंना आवरणावर किमान एक-दीड सेंटिमीटर चढली पाहिजे. आत गोंदाचा थर असलेली स्लीव्ह मिळाली तर उत्तम. गोंद वितळून आवरणाला धरतो, ओलही आत जात नाही. मी आधी एक आखूड स्लीव्ह लावतो आणि तिच्यावर दुसरी लांब. त्यामुळे मध्ये ताठ, कडेला थोडी मऊ आणि मग मोकळी वायर असा हळूहळू उतार मिळतो. स्लीव्ह जोड करण्याआधी वायरवर ओवायची असते हे सगळ्यांना माहीत असतं, पण ती जोडाजवळच सोडली तर सोल्डरिंगच्या उष्णतेने तिथेच आवळते. निदान दहा सेंटिमीटर लांब सरकवून ठेवा. दोन वायरींची केबल असेल तर दोन्ही जोड समोरासमोर घेऊ नका. एक वायर दोन-तीन सेंटिमीटर आखूड ठेवली की जोड मागेपुढे होतात, गाठोडं जाड होत नाही, आणि एखादी स्लीव्ह फाटली तरी शॉर्ट होत नाही.

तिसरा इलाज सर्वांत साधा आहे, आणि माझ्या दिव्याला तोच लागला: जोडाची जागा बदलणं. माझा जोड नेमका दिव्याच्या बिजागरीत होता. दिवा वर-खाली केला की तो वाकायचा. मी ती वायर बिजागरीतून अखंड जाईल एवढी नवी घेतली आणि जोड खालच्या सरळ दांड्यात नेला. जिथे वायर बाहेर पडते तिथे तिला आतून घट्ट क्लिप लावली, म्हणजे ओढ बसली तरी ती क्लिपवर बसते. याच कारणाने सतत थरथरणाऱ्या यंत्रात आणि गाडीत मी सोल्डरपेक्षा क्रिंप जोड, म्हणजे धातूची नळी योग्य साधनाने वायरवर दाबून केलेला जोड, पसंत करतो. त्यात दाबलेल्या जागेच्या काठापर्यंत तारा मोकळ्या राहतात.

स्क्रूखाली दाबायची वायर

वायरचं टोक स्क्रूच्या टर्मिनलमध्ये जाणार असेल तर त्याला सोल्डर लावू नका. तारा विखुरत नाहीत, नीटनेटकं दिसतं म्हणून पुष्कळ जण लावतात. पण वर सांगितलं तसं सोल्डर दाबाखाली सावकाश सरकतं. आज घट्ट आवळलेला स्क्रू काही महिन्यांत सैल होतो, जोड तापतो, आणि मेन्सच्या, म्हणजे घरातल्या विजेच्या, करंटला यातून आग लागू शकते. तारा एकत्र ठेवायच्या असतील तर टोकावर फेरूल, म्हणजे धातूची छोटी नळी, चढवून क्रिंप करा. आधीच सोल्डर केलेलं टोक असेल तर तेवढा भाग कापून टाका.

तुटलेलं काहीच दिसत नाही, पण मधूनच बंद पडतं

मल्टिमीटर बझरवर, म्हणजे वायर सलग असली की वाजणाऱ्या सेटिंगवर, ठेवा, दोन्ही टोकांना प्रोब क्लिपने लावा आणि वायर इंचाइंचाने वाकवत जा. आवाज जिथे तुटतो तिथे दोष. मात्र बझर वाजला म्हणजे जोड चांगला असं समजू नका. चोवीसपैकी एक तार शाबूत असली तरी बझर वाजतो. भार चालू असताना जोडाच्या दोन बाजूंमधला व्होल्टेज मोजणं ही जास्त खरी परीक्षा आहे, पण ती फक्त कमी व्होल्टच्या डीसी सर्किटवर करा. एक अँपिअर जात असताना चांगल्या जोडावर जेमतेम काही मिलिव्होल्ट दिसतात. शंभराच्या घरात आकडा आला तर जोड उघडा.

धुराबद्दलही थोडं. सोल्डरिंगचा धूर शिशाचा नसतो, तो फ्लक्समधल्या राळेचा असतो. पण तोही निरुपद्रवी नाही, रोज छातीत गेला तर दमा जडू शकतो. खिडकी उघडी ठेवा, लहान पंखा धूर बाजूला ओढेल असा लावा. शिसं हाताला लागतं आणि हातावरून तोंडात जातं, म्हणून काम झाल्यावर साबणाने हात धुवा आणि मध्ये काही खाऊ नका.

जोड थंड झाला की स्लीव्ह चढवण्याआधी दोन्ही वायरी धरून सरळ रेषेत चांगल्या जोराने ओढा. सुटायचा असेल तर आत्ताच सुटू दे. मग स्लीव्ह आवळा, बझर लावूनच वायर दहा-वीस वेळा दोन्ही बाजूंना वाकवा, आणि आवाज एकदाही अडखळला नाही तरच झाकण लावा.